अँटिव्हायरस बंद करा

मागच्या शनिवारी सकाळी पोह्यांची प्लेट हातात आणि फोन वाजला. अमरावतीहून आतेभाऊ.

"बे, एक मिनिट आहे काय?"

आमच्याकडे कोणी असं विचारलं की अर्धा तास गेलाच समजा. तर झालं असं की भाऊसाहेबांचा पीएच.डी.चा प्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे आणि लॅपटॉप विंडोज १० वाला. त्याचे नेहमीचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. दुकानदार म्हणतो, आणून द्या, तीनशे रुपयांत विंडोज, ऑफिस सगळं टाकून अ‍ॅक्टिव्हेट करून देतो.

"टाकू काय?"

मी इतक्या जोरात "नाही" म्हणालो की रूममेट झोपेतून उठून बसला.

"काऊन बे? एवढा काय तापतं?"

त्याला वाटलं इंजिनियर साहेबांना चोरीच्या सॉफ्टवेअरचा राग आलाय. राग-बिग काही नाही हो. मी कोण मोठा लागून गेलो! कारण वेगळं आहे, आणि ते ताईने आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही. आज मीच सांगतो.

आधी थोडी माझी पार्श्वभूमी. मी इंजिनियरिंग अमरावतीत केलं. तेव्हा व्हायरस म्हणजे पेनड्राइव्ह. गाडगेनगरातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट रिपोर्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह लावायचा, की परत येईपर्यंत सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. खरे फोल्डर आतच असायचे, फक्त लपवलेले. कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाइप केली की परत दिसायचे, आणि ती एक ओळ पाठ असल्याच्या जोरावर मी होस्टेलमध्ये डॉक्टर म्हणून मिरवायचो. फी एक चहा.

कॉलेजच्या लॅबमध्ये 'डीप फ्रीझ' होतं. दिवसभर मशीनवर काहीही गोंधळ घाला, रीस्टार्ट केलं की सगळं पुसून पहिल्यासारखं. मला तेव्हा हा रामबाण उपाय वाटायचा. पण त्याने वाचायचं कोण? लॅबचं मशीन. आमचं काम तर पेनड्राइव्हवरच असायचं. मशीन गेलं तर दुसरं घेता येतं. प्रबंध दुकानात मिळत नाही. हे सुचायला मला अजून काही वर्षं लागायची होती.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' आला, जगभरातली लाखो मशीन कुलूपबंद करून गेला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेलं होतं, ते टाकायचा कंटाळा लोकांना नडला. मग जूनमध्ये 'नॉटपेट्या'. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला झोपवलं आणि इकडे आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. आम्ही कँटीनमध्ये यावर तावातावाने बोललो. मोठ्यांचे मोठे रोग, आपल्याला काय त्याचं!

आता ताईकडे येतो. ताई तेव्हा अकोल्याला कृषीत एम.एस्सी. करत होती, विषय कीटकशास्त्र. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातला कापूस कसा पोखरला ते आठवत असेलच. ताईचं काम त्याच अळीवर. शेतात कामगंध सापळे लावायचे आणि त्यात किती पतंग अडकले ते मोजायचं. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, असा हिशोब असतो. म्हणजे रोज सकाळी वावरात जाऊन पतंग मोजणं आलं. दोन खरीप हंगाम तिने ते केलं. पहिल्या हंगामाची नोंद रजिस्टरमध्ये होती. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१९ ला, मीच शहाणपणा शिकवला: "ताई, डबल काम कायले करतं? सरळ एक्सेलमध्ये भर ना."

त्या दिवाळीला ती म्हणाली की ऑफिसची मुदत संपत आलीय. मी पुण्यात नवीन नवीन नोकरीला लागलेलो, अंगात आलेलं. एका साइटवरून अ‍ॅक्टिव्हेटर उतरवला, तिच्या पेनड्राइव्हवर टाकला आणि वर सूचना दिली: "बंद पडलं की हे चालव. आणि चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद कर, नाहीतर ते उगाच बोंबलतं."

उगाच! अँटिव्हायरस बरोबर बोंबलत होता, त्याचं तोंड मी दाबलं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र मी ते एकदाही चालवून पाहिलं नव्हतं, कारण मला ऑफिस कंपनीचं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेदहाला फोन आला.

"फाइली उघडूनच नाही राह्यल्या रे. सगळ्यांच्या मांगं काहीतरी लागलं."

"काय चालवलं होतं?"

"तू देल्लं होतं ना, ते. अपडेटची खिडकी आली, अर्धा तास चाललं, मी वावरात गेली."

ती अपडेटची खिडकी खोटी होती. त्या अर्ध्या तासात 'स्टॉप-डीजेव्हीयू' नावाचं रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करत होतं. हे पीडाकारक मोठ्या कंपन्यांच्या वाटेला फारसं जात नाही, फुकटचे क्रॅक शोधणारे विद्यार्थी आणि घरची मंडळी हेच त्याचं गिऱ्हाईक. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी ठेवलेली: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर अर्ध्यात. म्हणजे तेव्हाचे पस्तीस हजार, 'सवलतीत'. बॅकअपचा पेनड्राइव्ह? तो लॅपटॉपलाच लावलेला होता. तोही गेला. वाचलं ते फक्त गाइडला मेल केलेली दोन प्रकरणं आणि पहिल्या वर्षाचं रजिस्टर.

शनिवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने अकोल्याला उतरलो. गोरक्षण रोडवरच्या तिच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. ताई एक शब्दही बोलली नाही. चहा ठेवला आणि रजिस्टर घेऊन पहिल्या वर्षाचे आकडे परत कागदावर मांडत बसली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि मग एक गोष्ट दिसली. हा प्राणी चालू झाला की आपल्या सर्व्हरकडून त्या बळीपुरती वेगळी किल्ली मागवतो. सर्व्हर भेटलाच नाही, तर पोटातली एक ठरलेली किल्ली वापरतो, आणि ती त्या प्रकारातल्या अशा सगळ्यांना एकच असते. चिठ्ठीतला आयडी 't१' ने संपत असेल तर ओळखायचं की ठरलेली किल्ली वापरलीय. ताईचा आयडी तसाच संपत होता. कारण सोपं होतं. तिच्याकडे वायफाय नव्हतं, फोनच्या हॉटस्पॉटवर काम चालायचं, आणि तेव्हा फोन तिच्यासोबत वावरात पतंग मोजायला गेला होता!

अमेरिकेत इलिनॉयमधल्या नॉर्मल नावाच्या गावाजवळ मायकेल गिलेस्पी म्हणून एक गृहस्थ आहे. दिवसा संगणक दुरुस्तीच्या दुकानात नोकरी आणि उरलेल्या वेळात अशी कुलपं फुकट उघडून द्यायची, असा त्याचा तेव्हाचा उद्योग. ऑक्टोबर २०१९ मध्येच त्याने आणि एमसीसॉफ्ट कंपनीने मिळून या रॅन्समवेअरच्या १४८ प्रकारांसाठी मोफत साधन काढलं होतं. आमचा प्रकार नवा, त्याची किल्ली अजून त्यांच्याकडे नव्हती. ती मिळायचा एक मार्ग म्हणजे त्याच किल्लीचा बळी असलेल्या कोणीतरी पैसे भरायचे आणि मिळालेली किल्ली त्यांना आणून द्यायची. म्हणजे आम्ही कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या नुकसानीची वाट पाहत होतो.

डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवली आणि दर रविवारी साधन चालवून पाहू लागलो. नाही. नाही. नाही. ताईने गाइडना सांगून तिसऱ्या हंगामाची तयारी ठेवली, म्हणजे एक वर्ष वाया. घरी बाबांना एवढंच सांगितलं की लॅपटॉप बिघडला. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी साधनाने लाल ओळी द्यायच्या थांबवल्या आणि एक्सेलची नावं एकेक करून सरळ होऊ लागली. मी पुण्यात, ती अकोल्यात, फोन चालू. ती फक्त तारखा वाचत होती. चौदा ऑगस्ट आहे. पंधरा आहे. सोळा आहे...

असो. हे सगळं आतेभावाला सांगितलं, पोहे गार झाले. मग त्याच्यासाठी काय ते ठरवलं: मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट वेगळे पैसे न देता मिळतात, तोवर प्रबंध सादर होईल. अँटिव्हायरस विंडोजमधलाच पुरे, फक्त तो चालू ठेवायचा. लिनक्स सुचवलं होतं, पण त्याचं सगळं टायपिंग कृतीदेवमध्ये, तेव्हा तो विषय तिथेच संपला. आणि दोन हार्डडिस्क. दर रविवारी एकीवर कॉपी करायची आणि काढून आत्याच्या कपाटात ठेवायची, पुढच्या रविवारी दुसरी.

"लावूनच ठेवली तर?"

"तर ताईले फोन कर."

लिहिण्याआधी ताईला विचारलं, चालेल का म्हणून. म्हणाली, "लिही. बाबाले मी सांगतो आता. पण माह्यं नाव टाकू नको, तुह्यं टाक."