निष्कर्ष आणि निष्कर्षण

मराठीच्या प्रबंधातील शेवटचे प्रकरण 'निष्कर्ष' या नावाचे असते आणि पुष्कळ वाचक, परीक्षकही, प्रबंध तेथूनच उघडतात. रसायनशास्त्राच्या प्रबंधात या शब्दाचा सख्खा भाऊ पहिल्याच पानावर भेटतो. मिश्रणातून धातू वेगळा काढण्याच्या क्रियेला परिभाषेत 'निष्कर्षण' म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातील 'कृष्' हा धातू आहे. ओढणे, नांगरणे हा त्याचा अर्थ. कृषी, आकर्षण, उत्कर्ष हे शब्द त्याच कुळातले. व्याकरणातला धातू आणि खाणीतला धातू असे एका ओळीत आणून बसवणारी आपली भाषा या विषयाला परकी असावी, असे वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र ती परकी झाली आहे.

याचा विचार आम्ही करू लागलो तो एका पुरस्काराच्या निमित्ताने. आमच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या, मूळच्या असोद्याच्या एका विद्यार्थिनीला धातू-निष्कर्षणावरील पीएच. डी. संशोधनासाठी एका परिषदेत पुरस्कार मिळाला. गावाने सत्कार ठेवला आणि आम्हा मराठीच्या अध्यापकांनाही बोलावले. असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. १८८० साली त्यांचा जन्म तेथे झाला. त्या गावी जायला आम्हांला एरवीही निमित्त पुरते.

तिचा विषय होता मोबाइलच्या निकामी बॅटऱ्यांतून कोबाल्ट आणि निकेल वेगळे काढण्याचा. लिथियम-आयन बॅटरी घडवल्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅटरी संपल्यावर तिच्यातील धातूंचे काय करावे, हा प्रश्न पुढच्या संशोधकांच्या वाट्याला आला. आवर्त सारणीत कोबाल्टचा क्रमांक २७ आणि निकेलचा २८. दोघे शेजारी, स्वभावानेही जवळचे, म्हणून त्यांची फारकत अवघड.

बॅटरीतील पूड आम्लात विरघळवली की दोन्ही धातू द्रावणात उतरतात. मग रॉकेलात मिसळलेले एक फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्ल त्यात घालायचे, द्रावणाची आम्लता नेमकी राखायची, मिश्रण चांगले हलवायचे आणि स्वस्थ ठेवायचे. थोड्या वेळाने दोन थर दिसतात. वर रॉकेलाचा निळा आणि खाली पाण्याचा हिरवा. कोबाल्ट वर ओढला गेलेला असतो, निकेल खाली राहिलेले असते. एवढ्यावर काम संपत नाही. निळा थर वेगळा काढून तो सौम्य गंधकाम्लाबरोबर हलवला, की कोबाल्ट पुन्हा पाण्यात उतरतो आणि ते पाणी गुलाबी होते. रॉकेलाचा थर पुढच्या खेपेला मोकळा. धातू ओढून घेणारा पण परत न देणारा द्रावक या कामी निरुपयोगीच.

या विद्येची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पवईच्या आयआयटीतील एस. एम. खोपकर यांनी अनिलकुमार डे आणि चाल्मर्स यांच्यासह लिहिलेला 'सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन ऑफ मेटल्स' हा ग्रंथ १९७० साली प्रकाशित झाला. त्याआधी, १९६४ मध्ये, ट्रॉम्बेच्या प्रकल्पात अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचे काम याच तत्त्वावर सुरू झाले होते.

सत्काराला उत्तर देताना मुलगी 'ऑरगॅनिक फेज', 'सिलेक्टिव्हिटी', 'स्ट्रिपिंग' या शब्दांत बोलली. तिला दुसरे शब्द कोणी शिकवलेच नव्हते. ग्रामस्थांनी आदराने ऐकले आणि टाळ्या वाजवल्या. नंतर घराच्या ओट्यावर चहा घेताना तिने तेच सारे हातवारे करून वडिलांना सांगितले. केळीचे शेतकरी असलेले ते गृहस्थ जरा थांबून म्हणाले, "म्हंजे हे झारेकऱ्याचंच काम ना, पोरी?"

"हो आण्णा. फक्त आमचं पाणी आम्लाचं."

सराफ गल्लीतील धूळ आणि गटारातील गाळ धुऊन सोन्याचे कण मिळवणारा तो झारेकरी. जळगावच्या सराफ बाजाराशी परिचय असलेल्या माणसाला हा दाखला सहज सुचावा. आम्हांला मात्र तो दाखला अर्धाच बरोबर वाटला आणि म्हणूनच मोलाचा वाटला. झारेकरी जडपणावर विसंबतो: सोने तळाला राहते, माती वाहून जाते. मुलीच्या प्रयोगात वजनाचा संबंध नाही. कोणत्या धातूशी जवळीक करायची याची पारख द्रावकाला असते, तिच्यावर सारे अवलंबून. हा फरक सांगायला मराठी शब्द लागतात. ते नसले की दाखला दाखल्यापाशीच थांबतो आणि घरचा माणूस दारातच उभा राहतो.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी जेवढे टिपून घेतले तेवढे उरले. १९५१ मध्ये त्या गेल्यावर, १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ते पुस्तकरूपाने आले. टिपले न गेलेले त्यांच्याबरोबर गेले. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. निरक्षर स्त्रीच्या तोंडचे शब्द कागदावर आणायला तेव्हा घरातलीच साक्षर माणसे पुढे झाली. आज घरातले उच्चशिक्षित जे कागदावर आणतात, ते घरी परतवायला कोण पुढे होते? मुलीचे संशोधन इंग्रजी नियतकालिकांत गेले, तेथे त्याची कदर झाली, पुरस्कार मिळाला. जगाशी बोलायचे तर ते तसेच व्हायला हवे. पण तिच्याच प्रयोगाच्या भाषेत सांगायचे, तर ही पहिली पायरी झाली. परत आणण्याच्या पायरीला आपल्याकडे पुरस्कार नाही, गुण नाहीत, तिचा रकानाही नाही.

हे काम एकट्या विज्ञानवाल्यांचे नव्हे. पारिभाषिक कोश शब्द देतात. ते वाक्यात नांदतात की नाही, हे पाहणे मराठीच्या विभागांचे काम आहे. विज्ञानाच्या प्रत्येक प्रबंधाला मराठीत दहा पानांचा सारांश असावा आणि तो लिहिताना मराठीचा एक अध्यापक शेजारी बसावा, एवढीच आमची सूचना आहे. त्या मुलीबरोबर आम्ही ती दहा पाने लिहायला घेतली आहेत. 'सिलेक्टिव्हिटी'ला 'पारख' हा शब्द तिने आनंदाने स्वीकारला. 'स्ट्रिपिंग'वर अजून एकमत नाही. ती 'परतवणी' म्हणते, आमच्यातील एकाला 'सोडवण' बरा वाटतो. निर्णय असोद्याच्या ओट्यावर, आण्णांना वाचून दाखवल्यावर करायचा असे ठरले आहे.