पिशवीतल्या सिंहाचा दात

आजचा धागा एका दाताभोवती फिरतो. दात उपदाढेचा आहे, जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब आणि अडकित्त्याच्या पात्यासारखा सरळ धारेचा. वरचा दात आणि खालचा दात एकमेकांना घासत मिटत. ज्या प्राण्याच्या जबड्यात ही पाती होती तो खात काय होता, यावर विद्वानांचे शंभर वर्षांहून अधिक काळ एकमत होऊ शकले नाही.

रिचर्ड ओवेन यांनी ऑस्ट्रेलियात कधीही पाऊल ठेवले नाही. तरीही त्या खंडातल्या नामशेष प्राण्यांना नावे देण्याचा अधिकार चार दशके बव्हंशी त्यांच्याच हाती होता. वसाहतीत कोठे हाड सापडले की ते पेटीत भरून जहाजाने लंडनला जाई आणि लॅटिन नाव धारण करून छापील रूपात परत येई. १८५९ साली ओवेन यांनी अशाच एका भंगलेल्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. मेलबर्नच्या नैर्ऋत्येस ऐंशी मैलांवर, चुनखडीयुक्त थरात ती मिळाली होती. पात्यासारख्या त्या दाताची तुलना त्यांनी सिंहाच्या मांस कापणाऱ्या दाढेशी केली आणि नाव दिले थायलॅकोलिओ कार्निफेक्स. ग्रीक आणि लॅटिन मिळून अर्थ होतो पिशवीधारी सिंह, जल्लाद. भूतलावर होऊन गेलेल्या अत्यंत क्रूर श्वापदांत त्यांनी त्याची गणना केली. एका मोडक्या कवटीवरून काढलेला हा निष्कर्ष धाडसाचा होता.

आक्षेपाची बीजे आधीच पडली होती. ह्यू फाल्कनर हे नाव भारतीय वाचकांना परके वाटू नये. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक असताना शिवालिक टेकड्यांतले जीवाश्म जगापुढे आणणाऱ्यांपैकी ते एक. इंग्लंडमधल्या पर्बेक येथे मिळालेल्या एका चिमुकल्या प्राचीन सस्तन प्राण्याला अशाच धारदार उपदाढा होत्या. फाल्कनर त्याला शाकाहारी म्हणत, ओवेन मांसाहारी. १८६२ साली फाल्कनर यांनी या वादावर सविस्तर निबंध लिहिला. केवळ पाते दिसले म्हणून मांस गृहीत धरू नये, असा त्यांचा रोख होता.

थायलॅकोलिओवर थेट हल्ला झाला तो सिडनीहून. गेरार्ड क्रेफ्ट हे मूळचे जर्मन, सोन्याच्या खाणींच्या ओढीने आलेले आणि पुढे तिथल्या संग्रहालयाचे अभिरक्षक झालेले. वेलिंग्टनच्या गुहांत ते स्वतः उतरले होते. शिवाय पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारे, ज्यांना आपण शिशुधान प्राणी म्हणतो, ते त्यांनी जिवंत पाहिले होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. या प्राण्याच्या खालच्या जबड्यात पुढे झुकलेले दोन मोठे पटाशीचे दात आहेत, सुळे मात्र नाममात्र. अशी ठेवण कांगारूंत दिसते, पॉसममध्ये दिसते, वॉम्बॅटमध्ये दिसते. सुळे परजणाऱ्या टास्मानियन डेव्हिलमध्ये दिसत नाही. पॉसमच्या या आप्ताला जल्लाद ठरवणे क्रेफ्ट यांना पटले नाही. १८६६ साली त्यांनी तसे छापले. दोन वर्षांनी खुद्द लंडनमधून विल्यम हेन्री फ्लॉवर यांनीही जवळपास तोच सूर लावला.

ओवेन यांनी माघार घेतली नाही, आणि त्यांच्या हाती एक भक्कम मुद्दा होता. पात्यामागच्या दाढा जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. पाला रवंथ करायला जाते लागते. इथे जातेच नव्हते. मग पुढच्या पिढ्यांनी मधले मार्ग शोधले. कोणी त्याला रानटी कलिंगडांवर जगवले, कोणी मगरीच्या अंड्यांवर. तर्क आहेत खरे, पण वाचताना हसू आवरत नाही.

या कथेत खलनायक शोधणाऱ्याची पंचाईत होते. एका बाजूला राजधानीतला अधिकारी विद्वान, दुसऱ्या बाजूला वसाहतीतला डार्विनवादी संशोधक. त्यात १८७४ साली क्रेफ्ट यांना पदावरून काढण्यात आले आणि ते उठेनात म्हणून खुर्चीसकट उचलून बाहेर नेण्यात आले. त्या भांडणाची कारणे वेगळी होती, परंतु सहानुभूती कोणाकडे झुकते हे सांगायला नको. पुरावा मात्र सहानुभूतीप्रमाणे वाटला जात नाही. नात्याबाबत क्रेफ्ट आणि फ्लॉवर बरोबर होते: हा प्राणी आज कोआला आणि वॉम्बॅट यांच्या शाखेतला मानला जातो. आहाराबाबत ओवेन बरोबर होते: तो मांसच खात होता.

दोन्ही एकाच वेळी खरे कसे? कारण प्रश्न दोन होते आणि सगळे त्यांना एक समजून भांडत होते. थायलॅकोलिओचे पूर्वज पाला खाणारे होते, सुळे त्यांनी केव्हाच गमावले होते. वंशज मांसाकडे वळले तेव्हा गेलेले सुळे परत आले नाहीत. भोसकण्याचे काम पटाशीच्या दातांनी उचलले आणि कापण्याचे उपदाढांनी. दातांची ठेवण कुळ सांगत होती, दातांची धार धंदा सांगत होती.

सूक्ष्मदर्शकाखाली दातांवरचे झिजेचे ओरखडे पाहिले गेले तेव्हा ते मांस कापणाऱ्याचे दिसले. तरी १९८२ साली या विषयावर आलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात 'मांसाहारी शिशुधान' या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह होतेच. २००५ साली चावण्याच्या बळाचा हिशेब मांडला गेला आणि शंभर किलोच्या आसपासचा हा प्राणी शरीराच्या मानाने सिंहालाही भारी ठरला.

२००२ साली नलार्बरच्या ओसाड पठाराखालच्या एका गुहेत जवळजवळ अखंड सांगाडा मिळाला. अंगठ्यावर मोठी आकडी नखी होती. मात्र शेपटीची सर्व हाडे आणि गळपट्टीची हाडे यांचे वर्णन व्हायला २०१८ साल उजाडले. शेपटी ताठ निघाली. कांगारूप्रमाणे तिच्यावर रेलून तो पुढचे पंजे मोकळे ठेवत असावा, असे अभ्यासकांनी सुचवले. तोवर ओवेन यांनी दिलेल्या नावाला १५९ वर्षे झाली होती.