पटकथांचे कपाट

बाप्तिस्म्याचा दाखला घेण्यासाठी आलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांची नजर परवा माझ्या मेजामागच्या कपाटावर खिळली. बायबलवरील भाष्ये आणि धर्मपरिषदेचे दस्तऐवज यांच्या खालच्या दोन फळ्यांवर त्यांना काही निराळीच पुस्तके दिसली. चष्मा सावरून त्यांनी दोनचार नावे वाचली आणि मिस्कीलपणे विचारले, “फादर, ही सगळी सिनेमाची पुस्तके? निवृत्त झाल्यावर पिक्चर काढायचा विचार आहे काय?” मी हसून दाखल्यावर शिक्का मारला. धर्मगुरूने पटकथा जमवाव्यात, हा छंद लोकांना चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. तेथे टपाल तिकिटांचे संग्रह असते तर त्यांनी काही विचारले नसते.

या छंदाचा आरंभ गोरेगावच्या सेमिनरीत असताना झाला. चित्रनगरीही गोरेगावातच आहे, हा केवळ योगायोग. आम्हा विद्यार्थ्यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. (दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहून झाली, ही गोष्ट मात्र मी सोबत्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असे.) सुट्टीच्या दिवशी फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘द थर्ड मॅन’ हाती लागले. ग्रॅहम ग्रीन हे १९२६ साली कॅथलिक झालेले लेखक, एवढ्याच भरवशावर मी ते कादंबरी समजून घेतले. खोलीवर येऊन उघडतो तो काय, ती निघाली पटकथा! पैसे वाया गेले म्हणून आधी हळहळलो, आणि रात्री दिवे मालवायची घंटा होईपर्यंत खाली ठेवू शकलो नाही.

पुढे कळले, की पटकथेपूर्वी ग्रीन यांनी हीच हकीकत कथारूपाने लिहिली होती आणि तिच्या शेवटी नायक-नायिका बरोबर चालत जातात. दिग्दर्शक कॅरोल रीड यांना तो गोड शेवट पटेना. १९४९ च्या चित्रपटात नायिका दफनभूमीच्या लांबलचक रस्त्याने सरळ चालत येते आणि वाट पाहत उभ्या असलेल्या नायकाकडे न बघता निघून जाते. रीड यांचेच बरोबर होते, हे ग्रीन यांनी नंतर प्रांजळपणे मान्य केले. लेखकांमध्ये ही वृत्ती विरळा. आम्हा प्रवचनकारांमध्ये त्याहूनही विरळा.

पटकथा वर्तमानकाळात लिहिली जाते. प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर स्थळ घराच्या आतले की बाहेरचे, वेळ दिवसाची की रात्रीची, एवढे नोंदवतात. छापलेले एक पान म्हणजे पडद्यावरचे अंदाजे एक मिनिट, असा ठोकताळा आहे. परंतु खरा नियम एकच : जे डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल, तेवढेच लिहायचे. ‘त्याला पश्चात्ताप झाला’ हे वाक्य तेथे उपयोगाचे नाही. पश्चात्ताप झालेला माणूस काय करतो, ते लिहावे लागते. बर्गमनसारखा एखादा श्रेष्ठ लेखक हे नियम मोडून पटकथा गोष्टीसारखी लिहितो, पण तोही उगाच समजावीत बसत नाही.

गतवर्षी आमच्या तरुणांनी उपवासकाळासाठी दुःखसहनाचे नाटक लिहून आणले. पानापानावर ‘व्याकूळ होऊन’, ‘अंतःकरण पिळवटून’ असे शब्द. मी त्यांच्यापुढे योहानाचे शुभवर्तमान उघडले. महायाजकाच्या अंगणात थंडीमुळे कोळशाचा विस्तव पेटवलेला आहे. तेथे शेकत असता पेत्र प्रभूला नाकारतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, आणि जेवण झाल्यावर प्रभू त्याच पेत्राला तीन वेळा एकच प्रश्न विचारतो. दोन्ही विस्तवांचे नाते सांगणारा एक शब्दही योहान लिहीत नाही. एका मुलाने विचारले, “मग फादर, रडायचे कुठे लिहू?” त्याला म्हटले, “ते प्रेक्षकांवर सोड.” त्याचे समाधान झाले असे दिसले नाही.

संग्राहकाचे म्हणून काही हट्ट असतात, तसे माझेही आहेत. चित्रपट पूर्ण झाल्यावर तो पाहून उतरवलेली संहिता मला फारशी मोलाची वाटत नाही. चित्रीकरणापूर्वीचा मजकूर मिळाला, की काय गाळले, काय बदलले हे ताडून पाहता येते. सारी गोडी त्यात आहे. दर बदलीच्या वेळी ही साठ-सत्तर पुस्तके तांदळाच्या गोणीत भरून नेतो. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते, मग ऑक्टोबरच्या उन्हात ती गच्चीवर वाळत पडतात. माझ्या पुतण्याने शेकडो पटकथा एका पेनड्राइव्हवर भरून आणून दिल्या. त्याचे आभार मानले आणि ती वस्तू मेजाच्या खणात ठेवली, ती अजून तेथेच आहे.

पोलंडचे किश्लोव्स्की आणि त्यांचे वकील मित्र पिएसेविच यांनी दहा आज्ञांवर लिहिलेल्या दहा पटकथांचे इंग्रजी पुस्तक १९९१ साली निघाले. दर उपवासकाळात मी ते वाचतो. पहिल्या पटकथेतील बाप तळ्यावरचा बर्फ आपल्या मुलाचे वजन पेलेल की नाही, याचे गणित संगणकावर करतो. गणित चुकत नाही. बर्फ मात्र फुटतो. त्यावर प्रवचन लिहिण्याचा मोह मी आजवर आवरला आहे.

मात्र ज्या पुस्तकापाशी मला थांबावे लागते, ते इंगमार बर्गमन यांच्या तीन पटकथांचे. त्यांतील मधली ‘विंटर लाइट’ या इंग्रजी नावाने ओळखली जाते. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ ‘प्रभुभोजनाला आलेले’ असा आहे. चित्रपट १९६३ सालचा. बर्गमन हे लूथरपंथीय पाळकाचे पुत्र. सर्दीने बेजार झालेला, आतून कोरडा पडलेला पाळक टोमास याच्याकडे उपासनेनंतर योनास नावाचा कोळी येतो. चीन अणुबॉम्ब तयार करणार, या वर्तमानपत्रातील बातमीने त्याच्या मनाचा ठाव घेतला आहे. टोमास बोलू लागतो आणि स्वतःविषयी, स्वतःच्या डळमळलेल्या श्रद्धेविषयीच बोलत राहतो. योनास जवळजवळ काहीच बोलत नाही. तो बाहेर पडतो आणि नदीकाठी स्वतःवर गोळी झाडून घेतो. टोमास त्याच्या पत्नीला ही वार्ता सांगण्यास जातो, बायबलमधून काही वाचू का म्हणून विचारतो. ती नको म्हणते.

हे पान प्रथम वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ व्हरांड्यात येरझारा घातल्या. त्यापूर्वी काही वर्षे मी किनाऱ्यावरच्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. एके सकाळी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असता एक कोळी बांधव दारात येऊन उभा राहिला. बोटीवरचे कर्ज, मासळीचा दुष्काळ, घरातली भांडणे. दोनतीन वाक्यांत त्याने सांगून टाकले. मी सुमारे वीस मिनिटे बोललो. ईयोब झाला, आकाशातील पाखरे झाली, सेमिनरीतील माझ्या स्वतःच्या कसोटीच्या काळाची कहाणीही झाली. बोलणे चांगले वठले, असे मला वाटल्याचे स्मरते. “येतो फादर,” म्हणून तो गेला. पुढच्या काही रविवारी तो दिसला नाही. महिन्याभराने कळले, की बोट विकून कुटुंबासह तो गाव सोडून गेला. कोठे गेला, ते त्याच्या भावालाही सांगता आले नाही.

त्याचे योनाससारखे काही झाले, असे म्हणण्यास मला आधार नाही. तो कोठे तरी सुखात असेल, अशी प्रार्थना मी मिस्सेत करतो.

एकदा मनात आले, की ती सकाळ पटकथेच्या नियमाने कागदावर उतरवून पाहावी. दिसले तेवढे, ऐकू आले तेवढे. माझे बोलणे झरझर लिहून झाले, त्याला पाऊण पान लागले. त्याची तीन वाक्येही आठवली. मग त्या वीस मिनिटांत तो काय करीत होता ते लिहायला घेतले. तो बसला होता की उभाच होता? हातात टोपी होती, की जपमाळ, की काहीच नव्हते? डोळे माझ्याकडे होते, की दाराकडे? काही केल्या आठवेना. तो कागद बर्गमनच्या पुस्तकात त्या पानाशी घालून ठेवला आहे. वर लिहिले आहे : सॅक्रिस्टी, आत, सकाळ. त्याखाली माझे संवाद. त्याच्या नावापुढची जागा मोकळी आहे.