मांडून ठेवा

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे एक लांबोडकी वही होती आणि तिच्यात आमच्या तिघांचं मिळून एकच पान. चहा, क्रीमरोल, सुट्ट्या सिगारेटी. पैशांचा विषय निघायच्या आत आम्ही म्हणायचो, "काका, मांडून ठेवा." काका मांडून ठेवायचे. बेरीज कधी चारचौघांत वाचून दाखवायचे नाहीत. आमच्या आयुष्याचा हिशेब इतक्या सभ्यपणे पुढे कुणी ठेवला नाही.

'चश्मेबद्दूर' मी पहिल्यांदा पाहिला तो घरमालकांच्या टीव्हीवर, दाराच्या चौकटीला टेकून. पडद्यावर दिल्ली होती, बोली हिंदी होती, पण एका सिगारेटवर तिघांचा जीव अडकलेला पाहून मला आमच्याच खोलीचा वास आला. सई परांजपे यांचा हा १९८१चा सिनेमा. सिद्धार्थ, ओमी आणि जोमो. फारूख शेख, राकेश बेदी, रवी बासवानी. त्यातला सिद्धार्थ तरी अर्थशास्त्राचा अभ्यास करतो. उरलेले दोघे म्हणजे कट्ट्यावर पडीक असलेली जमात. भिंती नट्यांच्या चित्रांनी भरलेल्या, खिसे रिकामे, आणि दुपार मात्र भली मोठी.

अशा मुलांवर बोधप्रद सिनेमा काढणं सोपं असतं. एक कडक बाप, एक नापास झाल्याची तार, शेवटी पश्चात्ताप. सईबाईंनी बापाच्या जागी पानवाला बसवला. सईद जाफरी यांनी रंगवलेले लल्लन मियाँ पैशांसाठी कुरकुरतात, टोमणे मारतात आणि उधारीही चालू ठेवतात. कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की या सिनेमाचा खरा पालक तोच आहे. उडाणटप्पूपणा हा एकट्यानं परवडणारा धंदा नाही. त्याला भांडवल लागतं आणि ते दुसऱ्या कुणीतरी घातलेलं असतं.

उधारी काही पैशांचीच नसते. समोर राहायला आलेल्या नेहावर ओमी आणि जोमो आळीपाळीनं छाप पाडायला जातात, तोंडघशी पडतात आणि परत येऊन मित्रांना विजयाच्या कहाण्या ऐकवतात. या कहाण्यांतलं प्रेमही उसनंच, हिंदी सिनेमाकडून आणलेलं. बागा, गाणी, गिरक्या, सगळं तयार माल. अमिताभ बच्चन आणि रेखासुद्धा क्षणभर पाहुणे येऊन ही थट्टा गडद करून जातात. आमच्या खोलीतही असंच चालायचं. एकानं ग्रंथालयात कुणाला तरी पेन दिलं होतं. रात्री जेवणं होईपर्यंत त्या पेनाची प्रेमकथा तयार. आम्हाला ती खोटी आहे हे ठाऊक असायचं, पण ऐकून घ्यायचो. उद्या आपलीही कुणाला तरी ऐकून घ्यावी लागणार होती.

मग एके दिवशी नेहा 'चमको' पावडर विकायला दार वाजवते आणि समोर नेमका सिद्धार्थ येतो. दीप्ती नवलनं बादलीत फेस करून मळका कपडा धुऊन दाखवायचा आणि फारूख शेखनं विद्यार्थ्यासारखं पाहत राहायचं, यापलीकडे त्या प्रसंगात काही घडत नाही. पण प्रेम जमायला एवढं पुरतं. पुढे तालकटोरा बागेत टूटी-फ्रूटी आणि कॉफी. हिंदी सिनेमातल्या धुंद प्रेमाला साबणाच्या पावडरीत बुचकळून काढल्यावर जे उरतं, ते हे.

२०१३च्या एप्रिलमध्ये हा सिनेमा नव्यानं झळाळून चित्रपटगृहांत लागला. त्याच दिवशी डेव्हिड धवन यांनी केलेली त्याची नवी आवृत्तीही आली. आम्ही तिघं जुनाच पाहायला गेलो, या खेपेला बायकांसह. आम्ही प्रत्येक वाक्याच्या आधीच हसत होतो. बाहेर आल्यावर माझी बायको म्हणाली, "छानच आहे. पण ती नेहा एकदा तरी नुसती लोळताना दिसली का?"

मी आठवू लागलो. ती गाण्याच्या शिकवणीला जाते, दारोदार पावडर विकते. तिच्या पाठीशी लागायला दोघांना वेळच वेळ आहे. ते तेव्हा गमतीदार वाटायचं, आता हसता हसता जरा खुर्चीत सरकून बसावंसं वाटतं. पुढे हेच मित्र मत्सरापोटी सिद्धार्थचं मन तिच्याविषयी कलुषित करतात आणि चूक निस्तरायला अपहरणाचं नाटक रचतात. ते नाटक खरं होऊन बसतं, तेव्हा त्यांच्या थापांचं व्याजही तीच भरते. रिकामपण आमचं आणि वसुली तिच्याकडून.

काकांच्या वहीची पानं मनातल्या मनात उलटून पाहिली. एकाही मुलीचं नाव आठवेना. आमच्या वर्गातल्या मुली टपरीवर थांबतच नव्हत्या. तास संपला की घर, घरात पाणी भरणं, धाकट्यांचे अभ्यास. दिशा न सापडण्याची मुभासुद्धा कुणाला तरी आपल्या नावावर लिहून ठेवावी लागते आणि त्यांच्या नावाचं पानच कुणी उघडलं नव्हतं. बायकोला विचारलं, "तू त्या वयात काय करत होतीस?" म्हणाली, "टायपिंगचा क्लास."

त्या वर्षाच्या डिसेंबरात फारूख शेख गेले. बातमी कळल्यावर तिघांनी एकमेकांना फोन केला. सिनेमावर दोन मिनिटं बोललो, रक्तदाबावर दहा.

काकांची उधारी आम्ही खोली सोडताना फेडली, आईबापांच्या पैशांतून. काकांनी पानावर आडवी रेघ मारली आणि तिघांच्या हातावर एकेक पान ठेवलं. त्यानंतर त्या टपरीवर मी फारसा गेलो नाही. देणं संपलं आणि जाण्याचं कारणही संपलं. एक बाकी तेवढी राहिली. परीक्षेचा फॉर्म भरायला एकानं माझ्याकडून पन्नास रुपये घेतले होते. गेली कित्येक वर्षं फोन ठेवताना तो म्हणतो, "तुझे पन्नास द्यायचेत." मी म्हणतो, "मांडून ठेव."

गेल्या दिवाळीत मोबाईल वाजला. खात्यात पन्नास रुपये जमा, खाली त्याचं नाव. मी चष्मा शोधला, मुलाला हाक मारून ते कसं करायचं विचारलं आणि पैसे त्याच पावली परत पाठवले.