बाबांच्या गाडीचं नवं स्टेअरिंग

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जिला बाबा कुणालाच हात लावू देत नाहीत. आमच्याकडे ती म्हणजे त्यांची लाल सॅन स्टॉर्म. गोव्यात तयार झालेली, फायबरग्लास बॉडीची, दोन सीटची स्पोर्ट्स कार.

तिच्या स्टेअरिंगला तडे गेले होते. मागच्या रविवारी बाबा म्हणाले, "तूच बदल. माझ्या हातात आता तेवढा जोर नाही." आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या पोटात गोळाच आला.

आधी चाकं सरळ केली, बॅटरीची वायर काढली. हॉर्नचं बटण काढल्यावर मधला मोठा नट दिसला. तो सैल केला, पण पूर्ण काढला नाही. नाहीतर ओढताना स्टेअरिंग थेट तोंडावर येतं. शाफ्टवर खूण करायला मात्र विसरले. व्हायचं तेच झालं, नवं स्टेअरिंग एक खाच तिरकं बसलं! पुन्हा काढून बसवलं.

"घट्ट आहे," मी म्हणाले. बाबांनी ऐकलं नाही. गॅरेजमधून टॉर्क रेंच आणायला लावला. मॅन्युअलमधल्या मापाइतका नट आवळला, तेव्हा कुठे ते गाडीत बसले. ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या सीटवर.

तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर हा उद्योग घरी करू नका. ती अचानक उघडली तर गंभीर इजा होऊ शकते. ते काम जाणकार मेकॅनिकलाच द्या.

आणि जुनं स्टेअरिंग? ते बाबांच्या कपाटावर आहे. त्याला अजूनही कुणी हात लावायचा नाही!