मागची बाजू

नाणं मी चिंच-मीठ लावून घासलं. घरातला तांब्या घासतात तसं. सांगताना आजही लाज वाटते, पण आहत, म्हणजे ठसे मारून केलेली, नाणी जमवायला लागलेल्यांना हे कळायला हवं.

पैठणला एका मोडवाल्याकडून ते घेतलं होतं. चौकोनी, कोपरा छाटलेलं, वर हिरवं पुट. चांदीत तांब्याची भेसळ असायचीच, कौटिल्यानेही 'पण' या चांदीच्या नाण्यात चौथा हिस्सा तांबं सांगितलंय. त्यामुळे हिरवं पाहून शंका आली नाही. सूर्य स्पष्ट होता, षडरचक्राचा, म्हणजे सहा आऱ्यांच्या चक्राचा, अर्धा भाग दिसत होता. अशा चांदीच्या नाण्यावर, कार्षापणावर, पाच ठसे असतात. उरलेले तीन मला बघायचे होते.

वजन भरलं २.६ ग्रॅम. बत्तीस गुंजांचं नाणं ३.४ ग्रॅमच्या आसपास हवं. दामोदर कोसंबींनी तक्षशिलेची नाणी तोलून ती चलनात कशी झिजत जातात ते दाखवलं, हे वाचलेलं होतं. म्हटलं, झिजलंय. पण त्यांनी मोजलेली झीज फार बारीक आहे. पाऊण ग्रॅम झिजलेल्या नाण्यावर सूर्याचे किरण इतके टोकदार कसे राहतील, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

आधी हिरवं उतरलं. मग राखाडी पापुद्रे सुटले आणि खाली लालभडक तांबं. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेलं, त्या काळातलंच खोटं नाणं होतं ते! अशी नाणी खऱ्याइतकीच मोलाची. कोण, कुठे, कशी फसवणूक करत होतं ते त्यांतून कळतं. पत्र्याबरोबर ठसेही गेले. सूर्याचे दोन किरण तेवढे उरले.

घासण्यापूर्वीचे फोटो रात्री मोठे करून पाहिले. मागच्या बाजूला एक बारीक छाप होता, सराफ पारख करून मारत तसला. त्याच्या खळग्यात तांबूस ठिपका. मी तो मातीचा धरला होता. नाण्यांची पारख करणाऱ्या अधिकाऱ्याला अर्थशास्त्रात रूपदर्शक म्हटलंय. अशाच कुणा पारख्याने दोन हजार वर्षांपूर्वी पत्रा फोडून आतलं तांबं उघडं केलं असावं. मी मात्र पुढच्या चिन्हांतच रमलो होतो.

आणि हे कुठे सापडलं, हे मी मोडवाल्याला विचारलंच नव्हतं. पुढच्या खेपेला गेलो तर त्या जागी दुसराच माणूस बसला होता. नाण्याच्या पाकिटावर वजन लिहिलंय, घासण्याआधीचं आणि नंतरचं. 'ठिकाण'पुढे काहीच नाही.