पडलो, तरी उभा

माउली, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी ११ मतांनी पडलो. सोयरे म्हणाले, "बुवा, आता विश्रांती घ्या." पण सेवा काय मतमोजणीला बसते? गाडगेबाबांकडे कोणतं पद होतं? दिवसा गाव झाडलं, रात्री कीर्तनातून मनं झाडली आणि पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली.

मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सभासद असतो. पडलेल्या उमेदवारालाही तिथे उभं राहून पाण्याचा, गटाराचा प्रश्न विचारता येतो. ज्या आळीतून मतं आली नाहीत, तिचं गाऱ्हाणं मी आधी मांडतो. त्यानं माझ्याच मनातली अढी सुटते. वारीत एकमेकांच्या पाया पडताना समोरच्यानं मत कुणाला दिलं, हे कोण विचारतो? सरपंचपद पाच वर्षांचं. सेवेला मुदत नाही.

रामकृष्ण हरी.